हरलेल्याचा विजय

पुण्याच्या बालेवाडीत ३ ते ५ फेब्रुवारी २०१७ या शुक्रवार-शनिवार-रविवारी टेनिसच्या डेव्हिस चषकात भारताने न्यूझीलंडला ४-१ असे हरवले. चारही एकेरी सामने युकी भांबरी आणि रामकुमार रामनाथन यांनी जिंकले. हरला तो फक्त शनिवारचा दुहेरीचा. विष्णू वर्धनच्या जोडीने त्यात लिअँडर पेस खेळत होता, विक्रमी ४३व्या दुहेरी विजयासाठी.

तरीही संघ जिंकला म्हणून पेसही जिंकला. हे न्याय्य आहे का?

कर्मसिद्धान्त मांडताना आपल्या दर्शनकारांनी दोन दोष कटाक्षाने टाळले: केलेल्याचे फळ बुडणे हा कृतनाश, न केलेल्याचे फळ पदरात पडणे हा अकृताभ्यागम. सांघिक स्पर्धेत दोन्ही सर्रास घडताना दिसतात. मग कर्ता कोण, खेळाडू की संघ?

उत्तरासाठी एक उदाहरण पाहू. परंडा तालुक्यात सीनाकाठच्या डोमगावला समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आहे. समर्थ सांगत गेले आणि कल्याणांनी दासबोध लिहून घेतला, अशी परंपरा. ग्रंथावर नाव समर्थांचे. पण म्हणून कल्याणांचे श्रम बुडाले, असे कोणताही समर्थभक्त म्हणणार नाही. मोठ्या कार्याला स्वतःहून जोडून घेतलेला माणूस फळाची वाटणी मोजत बसत नाही. गीतेतला निष्काम कर्मयोग तो हाच. कर्ता संघच, आणि शनिवारी हरलेल्या पेसचा विजयातला वाटाही खराच.

पुढे एप्रिल २०१८मध्ये चीनमधील तियानजिनला भारत ०-२ असा मागे असताना पेसने रोहन बोपण्णासह ४३वा विजय मिळवला. ती लढत भारताने ३-२ अशी जिंकली.