दोन नांवांचें मूल

मुलास आपण जें नांव ठेवितों तें त्याचें असतें कीं आपलें, हा प्रश्न आम्हांस बरेच दिवस छळीत आहे. त्यास निमित्त झालें एक ग्रीक नांव : अस्त्यानाक्स. 'अस्त्यु' म्हणजे नगर व 'अनाक्स' म्हणजे अधिपति. आपल्या 'नगरपती'सारखेंच म्हणा ना. एवढें भारदस्त नांव, आणि तें धारण करणारा 'इलियड'मधील हेक्टरचा पुत्र तर अजून दाईच्या कडेवर होता! बापाच्या शिरस्त्राणावरील तुरा पाहून तो रडूं लागला, हा प्रसंग वाचकांच्या परिचयाचा असेल.

या बालकास नांवें दोन होतीं. बाप त्यास ट्रॉयच्या स्कामांड्रस नदीवरून स्कामांड्रियस म्हणे. अस्त्यानाक्स हें नांव लोकांचें. आणि त्याचें कारणहि होमरनें तेथेंच देऊन ठेविलें आहे, कीं ट्रॉयचें रक्षण एकटा हेक्टर करीत होता. म्हणजे पराक्रम बापाचा आणि पदवी मुलाची. प्लेटोच्या 'क्रॅटिलस' संवादांत सॉक्रेटीस असें अनुमान काढतो कीं, अस्त्यानाक्स हें नांव पुरुषांचें, तेव्हां दुसरें बायकांचें असावें. आणि पुरुष अधिक शहाणे, म्हणून तेंच नांव अधिक यथार्थ. पण दुसऱ्या नांवानें हांक मारणारा तर प्रत्यक्ष हेक्टर! सॉक्रेटीस येथें थट्टा करीत असावा असा आम्हांस दाट संशय आहे. त्याच संवादांत 'हर्मिसचा वंशज' असा नांवाचा अर्थ असलेला हर्मोजिनीस द्रव्याच्या बाबतींत कमनशिबी म्हणून हें नांव त्याचें नव्हेच असें ठरतें. 'नांव सोनुबाई, हातीं कथलाचा वाळा' ही आपल्याकडील म्हण त्यास कोणी ऐकविली नाहीं एवढेंच.

हेक्टरनें नदीचें साधें नांव पत्करलें यांत आम्हांस त्याचें शहाणपण दिसे. परंतु येथें आमचाच युक्तिवाद अडतो. मुलास उचलून घेऊन त्यानें झ्यूसजवळ मागितलें तें काय? यानें ट्रॉयवर राज्य करावें, व हा बापाहून पुष्कळ सरस निघाला असें लोकांनीं म्हणावें! तरीहि आम्हांस दोहोंत भेद वाटतो. बापाचें मागणें देवाजवळ होतें. नगराचें मागणें त्या मुलाजवळच होतें, आणि तें त्याच्या नांवांतच घालून ठेविलेलें होतें.

पुढें ट्रॉय पडलें. इ. स. पू. 415 मध्यें रंगभूमीवर आलेल्या युरिपिडीसच्या 'ट्रॉयच्या स्त्रिया' या नाटकांत, वीराचा पुत्र वाढूं देऊं नये म्हणून ग्रीक लोक त्यास तटावरून खालीं फेंकतात. बापाचें थोरपणच तुझ्या जिवावर उठलें, असें आई त्यास म्हणते. आजी हेक्युबा त्यास हेक्टरच्या ढालींतच मूठमाती देवविते, आणि याच्या थडग्यावर कवीनें काय लिहावें असें स्वतःसच विचारते. ग्रीकांनीं या मुलास भिऊन मारिलें, एवढेंच तिला सुचतें. त्या लेखांत दोहोंपैकीं एकहि नांव नाहीं.