बाळंतीण मांजर आणि जडभरताचं हरिण



मांजरीच्या पिल्लांसाठी घर हवंय, असा निरोप मी आपल्या गटावर टाकला होता. त्यावर दोन उत्तरं आली. एका ताईंनी लिहिलं, "एवढा जीव लावलात आणि आता वाटून टाकताय? मग आधी घरात घेतलंतच कशाला?" एका काकांनी लिहिलं, "साधकानं हा मोह का ओढवून घ्यावा? जडभरताचं काय झालं ते आठवा." एकाला माझी माया कमी वाटली, एकाला जास्त. दोघांनीही मनापासून लिहिलं होतं आणि दोन्ही प्रश्न खरे आहेत. दोन ओळींत उत्तर देण्यासारखे नाहीत, म्हणून हा लेख.

आधी हकिकत थोडक्यात. आम्ही इंदूरला एका मल्टीत चौथ्या मजल्यावर राहतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालायची छोटी बाल्कनी. घरात आम्ही दोघं आणि ८२ वर्षांच्या सासूबाई. एप्रिलच्या शेवटी आवारातली एक भटकी मांजर खाली विजेच्या मीटरांजवळ व्याली. तीन पिल्लं. वर रणरणतं ऊन, बाजूला गाड्यांची ये-जा, रात्री कुत्री. मांजर माझ्या हातचं खाणारी होती, म्हणून मायलेकरांना खोक्यात घालून वर आणता आलं. आणतानाच घरात ठरलं होतं, की आठ आठवडे. त्यानंतर पिल्लांना कायमची घरं शोधायची आणि आईची शस्त्रक्रिया करून तिला तिच्या आवारात परत सोडायचं.

आठच आठवडे का, तर ते मांजरीच्या अंगातलंच गणित आहे. जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं, म्हणजे एका मोठ्या लिंबापेक्षा थोडंसंच जड. डोळे आठवडा-दोन आठवड्यांनी उघडतात. पहिले काही आठवडे त्याला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आणि आईनं चाटल्याशिवाय शी-शूसुद्धा होत नाही. रोज साधारण १० ग्रॅम वजन वाढलं तर पिल्लू नीट चाललंय असं समजायचं. चौथ्या आठवड्याच्या सुमारास ते तोंड घालून खायला लागतं. आठव्यापर्यंत बहुतेक दूध सुटतं, आणि त्याआधी त्याला आईपासून तोडू नये. माणसांची सवयही ह्याच आठवड्यांत लागते. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात जे पिल्लू माणसाच्या हाताला सरावलं नाही, ते पुढे माणसाला बिचकून राहतं आणि त्याला घर मिळणं अवघड होतं.

म्हणजे खरं काम मांजरीचं. आमचं काम मांजरीला सांभाळायचं. ती पोटभर खाईल, तिला कुणी घाबरवणार नाही, घमेल्यातली वाळू रोज बदलली जाईल, एवढं बघायचं. ह्या कामात स्वतःला फार मोठं समजायला जागाच नसते.

पहिली अडचण खाण्याची आली. आमचं घर शाकाहारी. मांजरीला दूध-पोळीवर ठेवावं असं पुष्कळांना वाटतं, पण मोठ्या मांजरांना गाईचं दूध बहुधा पचत नाही, जुलाब होतात. शिवाय मांजर हा निव्वळ मांसाहारी जीव. टॉरिन नावाचं एक द्रव्य तिला मांस-मासळीतूनच मिळतं. ते मिळालं नाही तर डोळे जातात, हृदय बिघडतं. मी सासूबाईंना हे कसं सांगू ह्या विचारात होते. त्यांचं सोवळं अजून कडक आहे. ऐकून त्या म्हणाल्या, "बाळंतिणीला काय मानवतं ते द्यावं, आपल्याला काय पटतं ते नाही. फक्त देवघर आणि ओटा सांभाळ." मग बाल्कनीत वेगळी वाटी, वेगळा चमचा, वेगळं फडकं. हात धुऊन आत यायचं.

ह्यात एक पेच आहे, तो मी लपवत नाही. एका जिवाला वाचवण्यासाठी दुसरा जीव विकत आणला जातो. तिच्या वाटीतली मासळीही कधीतरी पाण्यात पोहत होती. ह्याचं चोख उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच दिसतं, की मांजरीला शाकाहारी करून मी अहिंसा पाळली असती तर ती माझ्या मनाच्या समाधानापुरती. त्याची किंमत तिच्या डोळ्यांनी आणि पिल्लांच्या दुधानं चुकवली असती. माझ्या व्रताचा भार तिच्यावर टाकायचा मला अधिकार नाही. सासूबाईंचं ते एक वाक्य पुढच्या सगळ्या प्रश्नांना मला मोजपट्टीसारखं उपयोगी पडलं.

आता काकांचा प्रश्न. भागवताच्या पाचव्या स्कंधातली भरताची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. राज्य सोडून गंडकीकाठी राहणारा राजा. सिंहाच्या गर्जनेनं दचकलेली गाभण हरिणी पाण्यात उडी घेते, पाडस पाण्यात पडतं, हरिणी मरते. भरत पाडसाला वाचवतो, वाढवतो, त्यातच गुंततो, मरताना त्याचाच विचार मनात राहतो आणि पुढला जन्म हरणाचा येतो. ही कथा "दया करू नका" असं सांगते, असं पुष्कळदा ऐकलं आहे. मला तसं वाटत नाही. भरतानं पाडस तसंच वाहून जाऊ दिलं असतं, तर कथेनं त्याला थोर म्हटलं असतं का? वाचवण्यात काही चुकलं नाही. चुकलं ते नंतर. पाडस मोठं झालं, आपलं आपण चरायला लागलं, नजरेआड हिंडायला लागलं, आणि नेमका तेव्हाच भरताचा जीव कासावीस व्हायला लागला. हरणाला भरताची गरज उरली नव्हती, भरताला हरणाची लागली होती. आणि तो मात्र अजून त्याला दयाच समजत होता.

म्हणून मुदत ठरवून सांभाळणं मला मोलाचं वाटतं. आठ आठवडे हे मायेला लावलेलं कुंपण नव्हे. गरज कुणाची आहे, त्यांची की माझी, हे तपासायची ती तारीख आहे. पिल्लं मांडीवर झोपायला लागली की वाटतं, एक राहू द्यावं. तेव्हा स्वतःला विचारायचं, हे कुणासाठी? आमच्या घरात त्या जागेत एकाच कुटुंबाची सोय होते. एक पिल्लू कायम ठेवलं, तर पुढच्या वेळी खाली मीटरांजवळ कुणी व्यालं तर दार बंद ठेवावं लागेल. ज्यांना ठेवायची परिस्थिती आहे त्यांनी जरूर ठेवावं, त्यात मोह काहीच नाही. पण आमच्या घरात ठेवणं म्हणजे पुढच्यांना नाही म्हणणं.

आता ताईंचा प्रश्न, की देऊनच टाकायचं तर माया कसली? ह्याचं उत्तर आपल्या रीतीतच आहे. बाळंतपणाला लेक माहेरी येते. आई तिला डिंकाचे लाडू करते, न्हाऊ घालते, रात्री बाळ घेऊन जागते. मग बाळंतीण लेकरू घेऊन आपल्या घरी जाते. माहेरची माया मुदतीची होती, म्हणून ती कमी होती असं कुणी म्हणत नाही. उलट ती घरी जाऊन उभी राहू शकली, ह्यातच माहेरानं केलेलं दिसतं. मात्र एक गोष्ट मला कधीच पटली नाही, ती म्हणजे लेकीला "परक्याचं धन" म्हणणं. ती कुणाचंच धन नसते. मांजरही तशीच. ती माझी नाही, तशी माझ्याकडे ठेवलेली दुसऱ्या कुणाची ठेवही नाही. ती तिची स्वतःची आहे. आपण करायचं ते एवढंच, की तिला पुन्हा तिच्या पायावर उभं करायचं.

भक्तिविजयात राका कुंभाराची गोष्ट आहे. कच्च्या मडक्यात मांजरीनं पिल्लं ठेवली होती, नकळत भट्टी पेटली, आणि नवरा-बायको पांडुरंगाचा धावा करत बसले. भट्टी निवल्यावर पिल्लं सुखरूप निघाली आणि त्यांनी घरचं सगळं वाटून टाकलं. लहानपणी मला चमत्काराचंच कौतुक होतं. आता वेगळं दिसतं. त्यांची प्रार्थना पिल्लं वाचावीत एवढीच होती. ती आपली व्हावीत अशी नव्हती.

आणि मार्जार-न्याय तर आपण प्रवचनात नेहमीच ऐकतो. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून असतं, मांजरीचं पिल्लू नुसतं पडून राहतं आणि आई त्याला मानेला धरून उचलून नेते. दक्षिणेतल्या वैष्णवांत शरणागतीच्या प्रश्नावर ह्याच दोन दृष्टांतांनी दोन पंथ ओळखले जातात. दोन महिने घरात मांजर बघितल्यावर मला त्या दृष्टांताची पुढची बाजू दिसली. जी आई मानेला धरून उचलते, तीच पाचव्या-सहाव्या आठवड्यात प्यायला आलेल्या पिल्लाला पंजानं बाजूला सारते. उठून उंच स्टुलावर जाऊन बसते. पिल्लं खाली ओरडत राहतात, ती हलत नाही. मग ती वाटीकडे वळतात. हे सारणं हा उचलण्याचाच पुढचा भाग आहे. आपण कृपा म्हणजे फक्त उचलून घेणं समजतो. कधी मागितलेलं न मिळणं हीसुद्धा कृपा असू शकते, असं ऐकलं होतं. त्या स्टुलाकडे बघताना ते थोडं समजलं.

हे सगळं लिहायला सोपं गेलं. पुढचं तेवढं सोपं नाही.

नवव्या आठवड्यात पिल्लं गेली. दोन एकत्र एका घरी आणि एक आमच्याच भागात. एका घराला नाही म्हणावं लागलं. वरचा मजला, गॅलरी उघडी आणि जाळी लावायची तयारी नव्हती. पिल्लं गेल्यावर मांजर दोन रात्री हाका मारत घरभर फिरली. तो आवाज ती फक्त पिल्लांसाठीच काढायची. तिसऱ्या दिवशी थांबली. "प्राण्यांना काही वाटत नाही" असं कुणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. तिला वाटलं. ते आमच्यामुळे वाटलं.

शस्त्रक्रियेचंही तसंच. मांजर पिल्लांना पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते, आणि साधारण नऊ आठवड्यांत पुन्हा व्याते. वर्षाला दोन-तीन वेळा. रस्त्यावरची बरीचशी पिल्लं जगत नाहीत. म्हणून दूध आटल्यावर शस्त्रक्रिया केली, दहा-बारा दिवस घरात ठेवलं आणि मग तिला आवारात सोडलं. हे योग्यच आहे असं मला वाटतं. तरी तिला न विचारता तिच्या आयुष्याचा निर्णय मी घेतला, हेही खरं. ह्याला पुण्य म्हणावंसं वाटत नाही. जबाबदारी घेतली की असं ओझंही येतं. ते उतरवून टाकायची घाई करू नये, नाहीतर पुढचा निर्णय आपण निर्ढावून घेऊ.

एक आणखी. आवारात मांजरीला खायला घालण्यावरून पुष्कळ ठिकाणी वाद होतात. तेव्हा भांडण न करता सांगावं, की सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणं हे आपल्या संविधानातल्या मूलभूत कर्तव्यांपैकी एक आहे. कलम ५१-क, १९७६ सालच्या ४२व्या दुरुस्तीनं आलेलं. पण नुसतं कलम दाखवून भागत नाही. ठरलेली वेळ, ठरलेला कोपरा, खाऊन झालं की वाटी उचलून जागा पुसणं, एवढं आपण केलं तर शेजारी निम्मा विरोध सोडून देतात. ज्यांना मांजरीची भीती किंवा त्रास आहे, त्यांचीही सोय बघणं हा दयेचाच भाग.

पावसाळ्यात व्यालेल्या मांजरी जिन्यात, पार्किंगमध्ये आसऱ्याला येतातच. प्रत्येकाला दोन महिने देणं जमणार नाही. पण कुणी आठवडाभर खाण्याची जबाबदारी घेऊ शकतं, कुणी डॉक्टरांकडे न्यायला गाडी देऊ शकतं, कुणी नुसती जुनी सुती साडी आणि एक खोकं. ज्यांना जमेल त्यांनी आपल्या भागातल्या सेवेकऱ्यांना कळवून ठेवावं, म्हणजे वेळेवर शोधाशोध होणार नाही. आणि कुणाला पिल्लू हवं असेल तर आठ आठवडे थांबायची तयारी ठेवावी, आधी मागू नये.

— एक सेविका, इंदूर