अशोक कुमार आणि मी

आम्हां बँकवाल्यांचं पहिलं व्रत म्हणजे एकाच्या खात्यावरची शिल्लक दुसऱ्याला सांगायची नाही. सख्खी बायको नवऱ्याची शिल्लक विचारायला आली, तरी आम्ही छताच्या पंख्याकडे बघतो. (त्या बघण्यावरूनच तिला काय ते कळतं, हा भाग वेगळा.) नोकरीला लागताना तशा कागदावर मी सही केली आहे.

असा मी नेमाचा माणूस 'सैराट' मात्र पेन ड्राइव्हवर पाहून बसलो. 2016 साली सिनेमा थिएटरात तुफान चालू असतानाच त्याची चोरटी प्रत फिरत होती. पुतण्याने ती टीव्हीला लावली, आणि बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला त्या कोल्हापुरात मी चोरीचा माल मुकाट पाहिला. वर रडलोसुद्धा!

तेव्हापासून अशोक कुमारशी माझं नातं जुळलं. नटाशी नव्हे हो! ज्या चोराचं नाव ठाऊक नाही, त्याला अमेरिकेतल्या कोर्टात जॉन डो म्हणतात. आपल्याकडे अशोक कुमार. अशा अनोळखी मंडळींवर दिल्ली उच्च न्यायालयाने 2002 साली हुकूम काढला, तो फुटबॉलचा विश्वचषक परवान्याशिवाय दाखवणाऱ्या केबलवाल्यांवर. आमच्या फुटबॉलवेड्या पेठांनी हे वाचून छातीवर हात ठेवावा.

पण हा अशोक कुमार सापडायचा कसा? टॉरेंटवर सिनेमा उतरवताना आपला आयपी पत्ता त्या घोळक्यात सगळ्यांना दिसतो. म्हणजे आमच्या जुन्या पितळी बिल्ल्यावरचा नंबर म्हणा. बिल्ला 47 कुणाला दिला, ते वहीत. इथे ती वही इंटरनेट कंपनीकडे. सिनेमावाला म्हणतो, वही उघडा. त्याचा माल गेलाय, तो ओरडणारच. जाणूनबुजून अशी चोरी करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद कायद्यात आहेच. पण मागेल त्याला वही दाखवायची, तर ती सरळ चव्हाट्यावरच ठेवावी! खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलं. तेव्हा कोर्टाचा कागद आणा, पान मिळेल. तेही तेवढंच पान.

बरं, पान निघालं तरी चोर सापडेलच असं नाही. घरचं कनेक्शन माझ्या नावावर. त्यावर पुतण्या, वरचे भाडेकरू, आणि पासवर्ड कुणी फोडला कोण जाणे, समोरचा झेरॉक्सवालासुद्धा. कागदोपत्री अशोक कुमार मीच!

हे सगळं परवा जेवताना पुतण्याला समजावलं. त्याने भाकरी मोडता मोडता विचारलं, "काका, उद्या खरंच कागद आला, तर माझं नाव सांगशिला?"

मी वर बघितलं. आमच्या स्वयंपाकघरात पंखा नाही, हे तेव्हा ध्यानात आलं.