झुकतं माप

आमच्या सोसायटीच्या जिममध्ये दोन ट्रेडमिल आहेत. खिडकीजवळची आणि भिंतीजवळची. दोन्हींवर ११चा आकडा लावला, तर खिडकीजवळच्या मशीनवर दहा मिनिटांत धाप लागते आणि भिंतीजवळच्या मशीनवर गाणी ऐकत पळता येतं. याचा सरळ अर्थ असा की दोघांपैकी किमान एक मशीन खोटं बोलतंय. पण चार वर्षांत हे कुणी बोलून दाखवलं नाही. खिडकीजवळचं मशीन 'बिघडलंय' असं सगळे म्हणायचे आणि भिंतीजवळच्यासाठी नंबर लावायचे. मीसुद्धा.

गेल्या पावसाळ्यात मी पहिल्या हाफ मॅरेथॉनची तयारी करत होते. २१.१ किलोमीटर, दोन तासांच्या आत. पुण्यात जून ते सप्टेंबर बाहेर पळायचं म्हणजे खड्डे, डबकी आणि पहाटे साडेपाचला रस्त्याची मालकी सांगणारी कुत्री. त्यात माझे ऑफिसचे कॉल रात्री अकरापर्यंत चालतात. म्हणून सगळं पळणं जिममध्येच केलं. वेग ताशी ११ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं २७ सेकंद. या वेगाने हाफ मॅरेथॉन १ तास ५५ मिनिटांत होते. ऑक्टोबरपर्यंत मी या वेगाने सलग १५ किलोमीटर पळायला लागले होते. चढ न चुकता १ टक्का ठेवायचे. मशीनवर पळताना समोरून हवा कापावी लागत नाही. जोन्स आणि डाउस्ट या संशोधकांनी १९९६ साली दाखवलं होतं की ती भरपाई साधारण १ टक्का चढाने होते. इतकी मी काटेकोर.

डिसेंबरमधल्या शर्यतीत मी ठरल्याप्रमाणे ५:२७च्या वेगाने निघाले. सातव्या किलोमीटरला काहीतरी चुकतंय असं वाटलं, तेराव्याला पाय उचलेनात. उरलेलं अंतर चालत-पळत संपवलं. २ तास ११ मिनिटं.

घरी येऊन कारणं शोधली. झोप कमी झाली, पोहे जास्त झाले, ऊन लवकर चढलं. मशीनवर शंका सगळ्यात शेवटी, आठवड्याने आली. तीसुद्धा अनिच्छेने.

\*

ट्रेडमिलला वेग कळतो कसा? अनेक साध्या मशीनमध्ये मोटरच्या किंवा पुढच्या रोलरच्या फेऱ्या मोजल्या जातात. रोलरचा घेर माहीत असतो, फेऱ्या गुणिले घेर म्हणजे वेग. यात एक गृहीतक लपलेलं आहे: रोलर जितका फिरतो तितकाच पट्टा सरकतो. पट्टा सैल झाला, खालचं तेल सुकलं, की हे गृहीतक मोडतं. रोलर फिरतो, पट्टा मात्र पावलाच्या भाराखाली थोडा मागे राहतो. स्क्रीनला याचा पत्ता नसतो.

खरा वेग मोजायला महागडं काही लागत नाही. मशीन बंद करून पट्ट्यावर पांढरी चिकटपट्टी लावली, हाताने पट्टा फिरवत शिंप्याच्या टेपने पूर्ण फेरा मोजला. ३.१६ मीटर. मग ११चा आकडा लावून फोनवर व्हिडिओ काढला आणि १०० फेऱ्यांना लागलेला वेळ मोजला. खरोखर ११ असेल तर १०३.४ सेकंद लागायला हवेत. पट्टा रिकामा असताना १०५ लागले. मी वर पळत असताना ११२.

म्हणजे ताशी १०.१६ किलोमीटर. किलोमीटरला ५:२७ नव्हे, ५:५४. लांबी मोजताना माझी एक सेंटिमीटरची चूक झाली असेल असं धरलं, तरी त्याने ०.३ टक्के फरक पडतो. इथे फरक जवळजवळ ८ टक्क्यांचा होता. आणि मी १ टक्का चढ लावून हवेचा हिशेब ठेवत होते!

पुढच्या शनिवारी हौस म्हणून पट्ट्यावर समान अंतरावर १६ पट्ट्या चिकटवल्या, बाजूला एक इन्फ्रारेड सेन्सर आणि छोटा ईएसपी३२ बोर्ड लावला. पांढरी पट्टी समोरून गेली की बोर्ड वेळ नोंदवतो. आता वेगाचा आलेख दिसायला लागला. पाऊल पडलं की पट्टा दबकतो, पाऊल उचललं की सावरतो. मिनिटाला एकशे साठ-पासष्ट वेळा. स्क्रीनवर मात्र तो ११चा आकडा स्थिर, शांत, समाधानी.

पण मला जास्त टोचलं ते मनगटावरचं घड्याळ. जिममध्ये जीपीएसचा उपयोग नसतो, म्हणून घड्याळ हाताच्या हालचालीवरून अंतराचा अंदाज बांधतं. बऱ्याच घड्याळांत पळून झाल्यावर ते विचारतं: मी मोजलेलं अंतर बरोबर आहे का, की सुधारू? माझं घड्याळ सुरुवातीला कमी अंतर दाखवायचं. १० किलोमीटरच्या जागी ९.३. मी दर वेळी मशीनचा आकडा बघून त्याला सुधारायचे. महिन्याभरात ते सुधारलं. मग मी मैत्रिणीला अभिमानाने सांगितलं होतं की दोन्ही यंत्रं आता तंतोतंत जुळतात. जुळणारच. एका साक्षीदाराला दुसऱ्याची जबानी मीच पाठ करून घेतली होती.

\*

मला फसवलं कुणी? मशीनला हेतू नसतो. बनवणाऱ्याने रोलर मोजला, तो चुकीचा नव्हता. सोसायटीने तेल घातलं नाही, पण त्यात डाव नव्हता. आणि तरीही ही फसवणूक चार वर्षं टिकली, कारण तिची आम्हाला गरज होती.

रिक्षाचं मीटर फास्ट असेल तर आपल्याला दुसऱ्या चौकात कळतं. पेट्रोल पंपावर संशय आला तर ५ लिटरचं माप मागून तपासून घेता येतं, हेही अनेकांना ठाऊक असतं. म्हणजे चूक पकडायची अक्कल आपल्यात आहे. फक्त ती चूक आपल्या विरुद्ध जायला लागते. आपल्या बाजूने गेलेली चूक आपल्याला चूक वाटत नाही, ती प्रगती वाटते. घड्याळाने ९.३ दाखवलं तेव्हा मी लगेच त्यावर शंका घेतली. मशीनने १० दाखवलं तेव्हा घेतली नाही. दोन्ही यंत्रंच होती, आणि खरं बोलणाऱ्याला मी गप्प केलं.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये एका अंगठीची गोष्ट आहे. ती घातली की माणूस अदृश्य होतो. मग प्रश्न असा की कुणी बघतच नसेल तर माणूस प्रामाणिक राहील का? जिममध्ये प्रश्न त्याहून विचित्र होतो. इथे ज्याला काही दिसू द्यायचं नाही, तोही मीच.

एका मित्राने वेगळं मांडलं. तो म्हणाला, "आकडा चुकीचा असेना, मेहनत तर खरी होती ना? मशीन रोज तेवढंच चुकत असेल, तर कालच्यापेक्षा आज सुधारलीस हे तर खरंच आहे." हे चूक नाही. वजनकाटा नेहमीच दोन किलो जास्त दाखवत असेल तरी त्यावर वजन कमी झालेलं कळतंच. स्वतःची स्वतःशी तुलना करायला खोटं पण स्थिर माप चालतं. माझे १५ किलोमीटर प्रत्यक्षात १३.८ होते, पण ते १३.८ माझेच होते.

अडचण तेव्हा येते जेव्हा आकडा जिमच्या दाराबाहेर पडतो. माझा आकडा शर्यतीत गेला आणि तेराव्या किलोमीटरला रस्त्याने हिशेब मागितला. पण तेवढ्यावर भागलं असतं तर हा लेख मी लिहिला नसता.

\*

दोन वर्षांपूर्वी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, अँजिओप्लास्टी झाली. कराडचं किराणा दुकान बंद करून ते आणि आई माझ्याकडे राहायला आले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. अण्णा संध्याकाळी भिंतीजवळच्या मशीनवर ५चा आकडा लावून ४० मिनिटं चालतात आणि घरी आल्यावर वहीत लिहितात: ३.३. दुकानाच्या उधारीच्या वहीसारखीच लाल कापडी वही. दर तीन महिन्यांनी ती डॉक्टरांना दाखवतात.

माझा सेन्सर त्या आठवड्यात मशीनवरच होता. "या पट्ट्या कसल्या?" असं अण्णांनी विचारलं तेव्हा मी "ऑफिसचं काहीतरी" म्हटलं. त्यांच्या चालण्याची नोंद आपोआप झाली. ताशी ५ नाही, ४.५. वहीत ३.३ किलोमीटर, पट्ट्यावर ३.

मी सांगितलं नाही. स्वतःला कारण दिलं: त्यांचा घाम खरा आहे, हृदयाचे ठोके खरे आहेत, आकड्याने काय होतंय? आजारपणानंतर त्यांना अभिमान वाटेल अशी ही एकच गोष्ट होती. तीनशे मीटरसाठी ती का हिरावायची? दोन आठवडे मी हे कारण रोज वापरलं. त्यात माया होती हे खरं. पण ज्या बापाने आयुष्यभर वजन-मापात काढलं, त्याला खरं माप पेलणार नाही असं मी परस्पर ठरवलं होतं, हेही खरं.

मग तपासणीचा दिवस आला. अण्णांनी वही पिशवीत ठेवली आणि मला दिसलं की आता त्या आकड्यावरून दुसरं कुणीतरी काहीतरी ठरवणार आहे. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही चालता ते मशीन जास्त दाखवतं. शंभराला दहा." आणि सगळं सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"दोन आठवडे झाले."

"मग आधीचं मशीनवर. हे दोन आठवडे काटा मशीनने मारला नाही, तू मारलास."

मी काही बोलले नाही.

रिक्षात बसल्यावर ते दुकानाबद्दल बोलायला लागले. वजन-मापवाल्यांचा साहेब येऊन तराजूवर शिक्का मारून जायचा. पण शिक्का मारला त्या दिवशीचा काटा आणि सहा महिन्यांनंतरचा काटा एक नसतो. पारड्याखाली गुळाचा चिकटा बसतो, साखर अडकते. म्हणून ते रोज सकाळी शिक्क्याचं वजन टाकून बघायचे. "तरी थोडं इकडंतिकडं होणारच गं. आपल्याकडं झुकलेला काटा आपल्याला दिसत नाही, गिऱ्हाइकाला दिसतो. म्हणून वर चार दाणे टाकायचे."

\*

झुकतं माप हा शब्द आपण पक्षपातासाठी वापरतो. अण्णांच्या दुकानात त्याचा अर्थ वेगळा होता. काटा अगदी मधोमध थांबेल याची खात्री देता येत नाही, तर तो समोरच्याकडे झुकू द्यायचा.

नंतर वाचताना कळलं की मॅरेथॉनचे रस्ते मोजणारेही हेच करतात. १९८१च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये अल्बर्टो सालाझार २ तास ८ मिनिटं १३ सेकंदांत धावला. जागतिक विक्रम म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पुढे रस्ता पुन्हा मोजला तेव्हा तो सुमारे १५० मीटर कमी भरला. त्याच्या वेगाने हे अंतर म्हणजे जेमतेम २७ सेकंद, पण विक्रम गेला. सालाझारने काहीही चुकीचं केलं नव्हतं. तो जीव तोडून धावला होता, जमीनच कमी पडली होती.

आज असे रस्ते सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला फेऱ्या मोजणारा जोन्स काउंटर लावलेला असतो. आधी पोलादी टेपने मोजलेल्या पट्ट्यावर सायकल चालवून पाहतात, मग वळणांवर जवळात जवळचा मार्ग धरून रस्ता मोजतात. एवढं करूनही दर किलोमीटरला १ मीटर जादा धरतात. मॅरेथॉनचा रस्ता म्हणूनच ४२.१९५ किलोमीटरपेक्षा साधारण ४२ मीटर लांब आखला जातो. आपण चुकणार हे मान्य करायचं आणि ती चूक कुठल्या बाजूला पडू द्यायची ते आधीच ठरवून ठेवायचं. चार दाणे वर.

इंजिनिअर म्हणून मला वाटायचं की प्रश्न अचूकतेचा आहे. चांगला सेन्सर लावला की खरं-खोटं संपलं. पण माझा १६ पट्ट्यांचा सेन्सरही थोडा चुकतोच, आणि उद्या दहापट चांगला आणला तरी थोडा चुकेल. उरलेल्या त्या थोडक्या चुकीचं काय करायचं, हे सेन्सर सांगू शकत नाही. ती कुणाच्या पदरात टाकायची हे मलाच ठरवावं लागतं. आणि अण्णांच्या बाबतीत तर माझ्याकडे अचूक आकडा होता, तरी मी काटा मारलाच.

मी भिंतीजवळच्या मशीनवर एक कागद चिकटवला: 'दाखवतं ११, असतं १०.२. दाखवतं ५, असतं ४.५.' दुसऱ्या दिवशी तो कुणीतरी काढून टाकला. मी पुन्हा लावला. आता तो टिकलाय, पण मशीनसाठीचा नंबरही तसाच आहे.

डॉक्टरांनी वही पाहिली, अण्णांनी त्यांना शंभराला दहाचा हिशेब सांगितला. ते हसून म्हणाले, चालू ठेवा. त्या संध्याकाळी अण्णांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'मागील सर्व आकड्यांतून दहा टक्के वजा.' आता ते ४० ऐवजी ४५ मिनिटं चालतात. मशीन ३.७५ दाखवतं. माझ्या सेन्सरप्रमाणे ते ३.३७ होतं.

वहीत ते ३.३ लिहितात.