शिलोहाचा बुरूज आणि नरगुंदची वेस

शास्त्रपाठ : लूक १३:१-९



काही लोक प्रभू येशूकडे एक बातमी घेऊन आले. बातमी ताजी होती आणि भयंकर होती. गालीलातून यज्ञासाठी आलेल्या माणसांना पिलाताने कापून काढले, आणि त्यांचे रक्त त्यांच्याच यज्ञपशूंच्या रक्तात मिसळले. बातमी आणणाऱ्यांच्या मनात काय होते हे लूक सांगत नाही, पण प्रभूच्या उत्तरावरून ते कळून येते. मेलेली माणसे काहीतरी मोठी पापी असतील, त्याशिवाय वेदीपाशी असे मरण का यावे, हा विचार त्यांच्या डोक्यात घोळत होता. प्रभूने तो विचार तिथेच थांबवला. आणि आपण होऊन दुसरी एक घटना पुढे मांडली. शिलोहाचा बुरूज कोसळला व त्याखाली अठरा माणसे चिरडली गेली. त्या प्रसंगी ना पिलात होता, ना तलवार. नुसते दगड होते. ते अठरा यरुशलेमातल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होते काय?

हा पाठ समजून घेण्यासाठी चिकोडी-निपाणीकडच्या आपल्या मंडळ्यांना फार लांब जावे लागत नाही. चिकोडीहून पूर्वेला मुधोळ, आणि तेथून दक्षिणेला मलप्रभेच्या खोऱ्यातला रामदुर्ग-नरगुंदचा मुलूख. या भागात १८५७ व १८५८ या दोन वर्षांत जे घडले ते कानडी लावण्यांतून गायले गेले आहे.

१८५७ साली सरकारने हत्यारबंदीचा कायदा केला. मुधोळ संस्थानातील हलगली गावचे बेरड, ज्यांना कानडीत बेडर म्हणतात, त्यांच्याकडूनही शस्त्रे मागण्यात आली. शिकार आणि शिपाईगिरी यांवर ज्यांच्या पिढ्या जगल्या, त्यांना घरातली तलवार देऊन टाका म्हणणे म्हणजे शेतकऱ्याला नांगर दे म्हणण्यासारखे होते. त्यांनी नकार दिला. नोव्हेंबरच्या अखेरीस फौज आली, गाव पेटवले गेले, पुष्कळ माणसे मारली गेली. डिसेंबरात १९ जणांना फाशी देण्यात आले. त्यांपैकी १३ जणांना मुधोळात आणि उरलेल्या सहांना खुद्द हलगलीत, त्यांच्या बायकामुलांच्या डोळ्यांदेखत. बेरडांच्या पुढाऱ्यांपैकी एकदोघांची नावे लावण्यांनी जपून ठेवली. आगीत जी म्हातारीकोतारी गेली त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत.

त्यानंतर सहा महिन्यांनी नरगुंदचे प्रकरण झाले. तेथील संस्थानिक भास्करराव भावे, ज्यांना लोक बाबासाहेब म्हणत, हे मराठी घराण्यातले, विद्येची आवड असलेले. संस्कृत ग्रंथांचा मोठा संग्रह त्यांच्याकडे होता. त्यांना मुलगा नव्हता आणि दत्तक घेण्यास सरकार परवानगी देईना. म्हणजे त्यांच्या पश्चात संस्थान खालसा होणार हे ठरलेले. दक्षिण महाराष्ट्राचा पोलिटिकल एजंट मॅन्सन हा पूर्वी इनाम कमिशनच्या कामावर होता, त्यामुळे इनामदार-जहागिरदारांचा त्याच्यावर आधीच राग. २९ मे १८५८ च्या रात्री रामदुर्गाजवळच्या सुरेबान येथे मॅन्सन थोड्या स्वारांसह मुक्कामाला असताना बाबासाहेबांच्या लोकांनी छापा घातला. मॅन्सनचे डोके कापून नरगुंदास नेण्यात आले व गावाच्या वेशीवर टांगण्यात आले. चार दिवसांच्या आत फौजेने नरगुंद घेतले. बाबासाहेब पकडले गेले आणि १२ जूनला बेळगावात त्यांना फाशी झाली. म्हणजे वेशीवर टांगलेले डोके आणि बेळगावचा फास यांच्यामध्ये पुरते पंधरा दिवसही गेले नाहीत. बाबासाहेबांची पत्नी आणि आई यांचे देह मलप्रभेत सापडले.

त्या दोन स्त्रियांपाशी मला थोडे थांबावेसे वाटते. इतिहासात त्यांना एक ओळ मिळते. त्यांनी कोणावर छापा घातला नव्हता, कोणाला फासावरही चढवले नव्हते. सासू आणि सून. बाहेर तोफांचा आवाज, घरातला कर्ता पुरुष परागंदा, आणि पुढे नदी. या मरणाचा हिशेब कोणत्या खात्यात मांडायचा?

मेलेल्यांचा हिशेब मांडण्याची सवय मात्र सगळ्यांनाच असते. मॅन्सनच्या बाजूचे लोक बाबासाहेबांच्या फाशीत ईश्वरी न्याय पाहणार. नरगुंदचे लोक मॅन्सनच्या मरणात तोच न्याय पाहणार. दोघेही देवाला आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभे करतात. आज बाबासाहेबांचे नाव स्वातंत्र्यवीर म्हणून आदराने घेतले जाते आणि हलगलीकरांचेही. ते योग्यच आहे. अन्यायाला अन्याय म्हणण्यास प्रभूने कधी मनाई केली नाही. याच तेराव्या अध्यायात पुढे तो हेरोद राजाला कोल्हा म्हणतो, हे विसरू नये. पण पिलाताच्या क्रूरपणाची बातमी ऐकून त्याने लोकांच्या हाती सूडाची तलवार दिली नाही, आणि मेलेल्यांच्या कपाळावर पापाचा शिक्काही मारला नाही. ऐकणाऱ्यांकडे वळून तो म्हणाला की तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश तसाच होईल.

हे वाक्य ऐकताना आपल्यापैकी पुष्कळांना ती धमकी वाटते. जणू देव प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक बुरूज तोलून धरून बसला आहे. तसे असते तर प्रभूने आधीचे वाक्य उच्चारलेच नसते. ‘तसाच’ या शब्दाकडे पाहावे. पिलाताच्या तलवारीला तलवारीने उत्तर देण्याचा मार्ग यरुशलेमाने पुढे धरला आणि इसवी सन ७० मध्ये रोमी सैन्याने ते शहर धुळीस मिळवले. तटबंदी कोसळली, बुरूज कोसळले, मंदिरात रक्त सांडले. प्रभूने ते आधीच पाहिले होते, आणि लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात त्या शहराकडे पाहून तो रडला. धमकी देणारा माणूस असा रडत नाही.

मग वळणे म्हणजे काय? एक उदाहरण याच मुलखातले आहे. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या किल्ल्यापुढे धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. त्याचे दोन तरुण मदतनीस, स्टीव्हन्सन आणि वॉल्टर इलियट, किल्ल्यात कैद झाले. सहा आठवडे ते राणी चन्नम्मांच्या लोकांच्या ताब्यात होते. त्यांचा जीव घेणे एका शब्दाचे काम होते. त्यांना इजा न करता सोडण्यात आले. त्यानंतर लगेच कित्तूर पडले, आणि राणी १८२९ साली बैलहोंगलच्या कैदेत वारल्या. सुटलेला इलियट पुढे काही वर्षे याच भागात नोकरीला होता, आणि त्या काळात त्याने शेकडो कानडी शिलालेखांच्या नकला करून घेतल्या. ज्या लोकांनी आपल्याला कोंडले त्यांच्या पूर्वजांचे दगडावरचे शब्द तो जमा करीत बसला. तो कंपनी सरकारचा अंमलदारच होता, त्याला संत करण्याची गरज नाही, आणि त्याच्या मनातले देव जाणे. पण कित्तूरच्या लोकांनी हात आखडता घेतला म्हणून तो वाचला, एवढे तर खरे आहे. वेशीवर आणखी दोन डोकी टांगता आली असती.

आपल्या गावांत आज फौजा येत नाहीत. पण बांधावरून कुऱ्हाड निघते. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून चुलतभाऊ चुलतभावाला मारतो. गळिताच्या हंगामात अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळते आणि विशीतला पोरगा जातो. सीमेच्या वादात आणि तंबाखूच्या दरासाठी झालेल्या आंदोलनातही या भागात माणसे गेली. १९८१ च्या एप्रिलमध्ये निपाणीच्या हमरस्त्यावर गोळीबारात शेतकरी मारले गेले, ते आठवणारे लोक आजही मंडळ्यांत आहेत. अशा घरी आपण भेटीला जातो. बाहेर चपला काढता काढता कुणीतरी हळूच म्हणते, “काय पाप केलं असेल हो या माउलीनं!” मागच्या जन्माचे नाव आपण घेत नाही, पण आपल्या तोंडून तेच बोलणे येते, शास्त्राचे कपडे घालून. प्रार्थनेला येत नव्हता, म्हणून गेला. दशांश देत नव्हते, म्हणून आले. हे बोलणे त्या आईच्या कानी गेल्यावाचून राहत नाही. मुलगा ट्रॉलीने नेला आणि उरलेली आई आपण नेली.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती आहे. हा पाठ मुलांना शिकवताना पाचव्या वचनावर थांबू नये. बुरुजाच्या गोष्टीला लागूनच प्रभूने अंजिराच्या झाडाचा दाखला सांगितला आहे. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो, आणि माळी म्हणतो की आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. आपल्याकडच्या मुलांना खणणे आणि खत घालणे समजावून सांगावे लागत नाही. त्यांना विचारावे की माळ्याने सगळे वर्ष काय काय केले असेल. पाणी कोठून आणले असेल, शेण कोणी वाहिले असेल, उन्हाळ्यात काय केले असेल. त्या झाडाला पुढे फळ आले की नाही हे प्रभूने सांगितलेले नाही. मुले ते नक्की विचारतील. उत्तर बनवून देऊ नये.

आणि वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी याच वर्षी असे मरण झाले असेल, तर हा पाठ शिकवण्याआधी त्या घरी जाऊन यावे. बोलण्याची घाई करू नये. चहा दिला तर घ्यावा. गेलेल्याचे नाव घेऊन त्याच्याबद्दल विचारावे, आणि ती माउली जे सांगेल ते ऐकून घ्यावे.