ऐकीव बदनामी

इराण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फाशी आणि युद्ध उभे राहते. शिराजमध्ये आम्ही पाहिले ते निराळेच. हाफिजच्या मजारीवर तरुण पोरेपोरी कबरीच्या दगडावर बोटे टेकवून फातेहा पढत होती. टॅक्सीवाला भाडे विचारताच ‘काबेल नदारे’ म्हणतो, म्हणजे त्याचे काय एवढे! (हा तआरुफ, पैसे द्यायचेच.) २०२२ मध्ये महसा अमिनीच्या मृत्यूनंतर अशाच पोरी रस्त्यावर उतरल्या. राजवटीची बदनामी खोटी नव्हे. पण ती सोसणाऱ्यांच्याच माथी मारावी काय? एका माणसाची पाठीमागे निंदा केली तर आपण तिला गीबत म्हणतो, आठ कोटींहून अधिकांची केली तर माहिती. आपल्या मोहल्ल्यात यायला रिक्षावाला नाही म्हणतो, तोही माहितीवरच.