निरंक

बीडजवळच्या एका गावातून चौपदरी रस्ता जायचा होता. त्याआधी तिथल्या देवस्थानांवर आणि जुन्या वास्तूंवर काय परिणाम होईल, हे पाहायला एक तरुण अभियंता आला. त्याने फीत लावली, फोटो काढले, नकाशावर खुणा केल्या. वेशीबाहेरचा मारुती रस्त्याच्या हद्दीपासून चाळीस मीटर लांब भरला. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी असते, हे त्याला ठाऊक होतं. पण हा मारुती कुठल्याच यादीत नव्हता. 'धार्मिक व सांस्कृतिक स्थळांवरील परिणाम' या रकान्यात त्याने एकच शब्द लिहिला : निरंक.

पारावर बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, "काय लिहायलास लेकरा?"

"आबा, तुमचं देऊळ वाचलं. त्याचा एक दगडही हलणार नाही."

"लई चांगलं. मग पोळ्याला आमच्या बैलांनी देवाला जायचं कुठून?"

अभियंत्याने नकाशा पाहिला. गाव रस्त्याच्या एका बाजूला होतं, मारुती दुसऱ्या. मधे उंच भराव येणार होता.

म्हातारा म्हणाला, "येताना खजाना विहीर लागली का?"

"लागली. थांबून बघितली. केवढी मोठी दगडी विहीर!"

"निजामशाहीतली हाय. चारशे वर्सं झाली. तिचं पाणी मोट न लावता भुयारातून, आपल्या उतारानं शेतात जातं. आता सांग, विहिरीला हात न लावता कुणी मधेच भुयार फोडलं तर?"

"विहीर राहील, पण शेत कोरडं पडेल."

"आमचा मारुती तसाच हाय बाबा. देऊळ तू वाचवलंस, वाट तोडलीस. ज्या देवाला कुणी जाईना, त्याचा नुसता दगड उरतो."

अभियंता बराच वेळ बोलला नाही. मग त्याने फीत पिशवीत टाकली आणि म्हाताऱ्याबरोबर ती वाट पायी चालला. बायाबापड्यांना विचारलं, गुराख्यांना विचारलं. आखाडात नैवेद्य जातो तो लिंबाखालचा म्हसोबा कळला. पिराच्या उरुसात संदल कुठून निघतो तेही कळलं. यातलं काहीच नकाशावर नव्हतं.

वाटेजवळच ओढ्यासाठी एक लहान मोरी ठरलेली होती. तिच्या शेजारी बैलजोडी शिंगांच्या बाशिंगांसकट जाईल एवढा भुयारी मार्ग त्याने सुचवला. म्हसोबासाठी रस्त्याची हद्द थोडी सरकवायला सांगितली. रस्ता अजून कागदावरच होता, म्हणून हे जमलं. भराव पडल्यावर तोच बदल कोट्यवधींचा झाला असता, आणि बहुधा झालाच नसता.

रस्ता झाला. श्रावणी अमावास्येला वाजतगाजत बैल त्याच्या खालून गेले आणि मारुतीला प्रदक्षिणा घालून परतले.

पुढे तो अभियंता अनेक गावांत पाहणीला गेला. त्या रकान्यात काही लिहिण्याआधी तो तिथल्या म्हाताऱ्या माणसांपाशी तासभर बसतो आणि मग त्यांच्याबरोबर देवापर्यंत चालत जातो.

तात्पर्य : देवस्थान चार भिंतींत मावत नाही, तिथे जाणारी वाट, तिथला दिवस आणि तिथे येणारी माणसं मिळून ते होतं. म्हणून अंतर मोजण्याआधी माणसांना विचारावं, आणि विचारल्याशिवाय कुठेही 'निरंक' लिहू नये.